पावसाळ्यातील मुंबईत छपराखालचे दिवस : मुलांना आणि वडीलधाऱ्यांना कुठे न्यावे?

सुपारीबाग (गुहागर)

नमस्कार. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही मुंबईला जात आहोत. पहिली तपासणी सोमवारी सकाळी आणि दुसरी शुक्रवारी दुपारी असल्यामुळे मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस पूर्ण मोकळे मिळतात. शनिवारी मध्यरात्रीनंतर दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसने परतायचे आहे, म्हणजे तोही दिवस हाताशी राहतो. मुक्काम परळला धाकट्या दिरांकडे आहे. घर एका खोलीचे आहे, जाऊबाई नोकरी करतात, आणि आम्ही चौघे दिवसभर तेथे बसून राहिलो तर त्यांची गैरसोय होईल. म्हणून सकाळी डबा घेऊन बाहेर पडावे आणि दिवेलागणीला परतावे, असा विचार आहे.

बरोबर ७२ वर्षांच्या सासूबाई, ११ वर्षांचा मुलगा आणि ६ वर्षांची मुलगी आहे. मुलांनी मुंबई दोनदाच पाहिली आहे आणि दोन्ही वेळा मे महिन्यात, त्यामुळे चौपाटी, गेटवे आणि घारापुरी एवढीच त्यांची मुंबई. पावसाळ्यात तेथे जाण्यात अर्थ नाही, आणि समुद्र तर आमच्या दारातच आहे. मला छपराखालची ठिकाणे हवी आहेत, जिथे मुलांना काही पाहता, हाताळता आणि ऐकता येईल, सासूबाईंना फार जिने चढावे लागणार नाहीत आणि चौघांचा खर्च आवाक्यात राहील. केवळ वेळ जाईल अशी ठिकाणे नकोत. गुहागरला जे मिळू शकत नाही ते मुलांना मुंबईत मिळावे, अशी मनापासून इच्छा आहे.

कातळवाट (रत्नागिरी)

ताई, एक पूर्ण दिवस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन. काळा घोडा परिसरातील ही इमारत जॉर्ज विटेट यांनी आखली. १९०५ मध्ये पायाभरणी झाली आणि १९१४ मध्ये बांधकाम पूर्ण झाले, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी रुग्णालय होते, त्यामुळे लोकांसाठी दरवाजे उघडले ते १९२२ मध्ये. आपल्या मुलांना भिंत म्हटली की जांभा आठवतो. तेथे त्यांना कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड एकाच इमारतीत पाहायला मिळेल. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला आहे, हेही आत शिरण्यापूर्वीच दाखवून द्यावे.

आत गेल्यावर सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या खेपेस मुलीला घेऊन तीन तासांत सर्व मजले संपवले, आणि रात्री तिला विचारले तेव्हा तिला एकही वस्तू नीट आठवत नव्हती. त्याचे मला फार वाईट वाटले, कारण दोष तिचा नव्हता. दुसऱ्या खेपेस आम्ही तीनच दालने ठरवली आणि प्रत्येक दालनात तिने एक वस्तू निवडून वहीत तिचे चित्र काढायचे, असा नेम केला. एका चित्राला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात मोठ्यांना बसता येते, आणि चित्र काढताना मूल ती वस्तू जितकी पाहते तितकी ती समोरून चालत जाताना कधीच पाहत नाही.

कोकणातील मुलांना तेथे आवर्जून दाखवावे असे म्हणजे सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे. सोपारा म्हणजे आजचा नालासोपारा, प्राचीन काळचे शूर्पारक बंदर. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला आणि नवव्याचा १९५६ मध्ये. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर कोरलेली ब्राह्मी अक्षरे डोळ्यांसमोर असतात. आपल्या मुलाने त्यांतली चार अक्षरे जरी वहीत उतरवून घेतली, तरी त्या दिवसाचे सार्थक झाले असे मी म्हणेन. घारापुरीची काही शिल्पेही तेथे आहेत. धाकट्या मुलीला मात्र आधी प्राणी-पक्ष्यांच्या दालनात न्यावे. वेळ सकाळी सव्वादहा ते सायंकाळी सहा अशी आहे. शेजारीच १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि अनेकदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. मुलांनी प्रश्न विचारला तर बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात.

पुलाजवळची चाळ (लालबाग, मूळ गाव संगमेश्वर)

परळला मुक्काम आहे तर भायखळ्याची राणीची बाग अगदी हाकेच्या अंतरावर आहे. बागेच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मला मुंबईतील सर्वांत जिव्हाळ्याचे ठिकाण वाटते, कारण त्यात राजेमहाराजांपेक्षा साध्या माणसांना अधिक जागा आहे. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने सुरू झाले. मूळचे गोव्याचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकून डॉक्टर झालेले भाऊ दाजी हे त्याच्या उभारणीसाठी झटणाऱ्यांपैकी एक होते, आणि १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले. निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती, गलबतांचे नमुने, जुन्या मुंबईचे नकाशे असे सारे तेथे काचेच्या कपाटांतून मांडलेले आहे. माझे आजोबा गिरणीत लागण्यापूर्वी जयगडच्या खाडीत होडी चालवीत असत, त्यामुळे ती गलबते पाहताना माझा पाय तेथून निघत नाही.

संग्रहालयाबाहेर उभा असलेला दगडी हत्ती चुकवू नका. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव दिले तो हाच. इंग्रजांच्या काळात तो विलायतेला नेण्याच्या प्रयत्नात मोडला आणि नंतर त्याचे तुकडे जोडून तो येथे उभा करण्यात आला. मुलांनी घारापुरी पाहिली आहे, म्हणजे तेथून निघालेला हत्ती कुठे पोहोचला हे त्यांना आता समजेल. तो उघड्यावर आहे, पण छत्री धरून पाच मिनिटे थांबता येते.

त्याच बागेत पेंग्विनांचे बंदिस्त थंड दालन आहे. हे हम्बोल्ट जातीचे पक्षी २०१६ मध्ये आणले गेले आणि २०१७ पासून लोकांना पाहता येतात. पेंग्विन म्हटले की मुलांना बर्फच आठवतो, परंतु ही जात पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या काठी राहते. म्हणजे तेही किनाऱ्यावरचेच रहिवासी आहेत, हे मुलीला सांगून पाहा. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, म्हणून हा बेत मंगळवारी ठरवावा. संग्रहालयात अधूनमधून दुरुस्तीची कामे चालतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

आणि शनिवारी नाटक पाहावे. गाडी मध्यरात्रीनंतर दादरहूनच आहे, मग दुपारचा प्रयोग पाहून घरी जेवून निघायला भरपूर वेळ मिळतो. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ पासून उभे आहे. शनिवार-रविवारच्या मराठी वृत्तपत्रांत सर्व नाट्यगृहांच्या जाहिराती एकत्र येतात, त्या पाहून सासूबाईंनाच नाटक निवडू द्यावे. पूर्वी आम्हां परळ-लालबागच्या लोकांचे हक्काचे नाट्यगृह म्हणजे १९२२ पासूनचे दामोदर. गावच्या मंडळांची कितीतरी नाटके तेथे झाली. २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी ते बंद झाले, याची रुखरुख अजून जात नाही.

रेवस बंदर (अलिबाग)

ठिकाणांविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे. मी फक्त भरतीविषयी लिहितो, कारण पावसाळ्यात मुंबईतला दिवस ठरवताना दालनांच्या वेळांइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची असते, आणि शहरात राहणाऱ्या नातेवाइकांच्या ते अनेकदा लक्षात राहत नाही.

मुंबईतले पावसाचे पाणी अखेर समुद्रातच जाते. भरती मोठी असली की समुद्राची पातळी निचऱ्याच्या तोंडांपेक्षा वर येते आणि पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही. त्या दोन-तीन तासांत मुसळधार पाऊस झाला तर हिंदमाता, किंग्ज सर्कल अशा सखल भागांत पाणी साचते, आणि हिंदमाता तर आपल्या मुक्कामाच्या अगदी जवळ आहे. साडेचार मीटरांहून मोठ्या भरतीचे दिवस महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. परंतु आपल्याकडील जुना हिशेबही येथे चालतो : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, असा.

आपल्या आठवड्यात बुधवारी आषाढ अमावास्या आहे. म्हणजे बुधवारी भरती बाराच्या सुमारास, गुरुवारी प्रतिपदेला पाऊण वाजता आणि शुक्रवारी द्वितीयेला दीड वाजता पूर्ण होईल. सर्वांत मोठे उधाण बहुधा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत येते, हे आपणांस किनाऱ्यावर राहून ठाऊक असेलच. तेव्हा बुधवारी आणि गुरुवारी सकाळी दहापर्यंत इच्छित स्थळी पोहोचावे, भरती ओसरेपर्यंत आतच राहावे आणि चारनंतर बाहेर पडावे. दुपारी आत थांबता येईल असे मोठे ठिकाण निवडणे त्यामुळे आवश्यक ठरते. शुक्रवारची तपासणी दुपारी आहे, ती नेमकी भरतीच्या वेळी येते. त्या दिवशी अकराच्या आत रुग्णालयात पोहोचून तेथेच बसून राहणे श्रेयस्कर, जेवणाचा डबा बरोबर असू द्यावा.

साचलेल्या पाण्यातून चालण्याची वेळ आलीच तर पाय साबणाने धुवावेत आणि लेप्टो या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या प्रतिबंधासाठी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पायाला जखम असेल तर अधिकच काळजी घ्यावी.

सुपारीबाग (गुहागर)

सर्वांचे मनापासून आभार. तिथीचा हिशेब सासरे नेहमी करीत असत, पण तो मुंबईच्या रस्त्यांसाठी वापरण्याचे माझ्या मनात आले नव्हते. मंगळवारी राणीची बाग, बुधवारी वस्तुसंग्रहालय आणि शनिवारी नाटक हे निश्चित केले. गुरुवारसाठी मात्र अजून ठिकाण हवे आहे. धाकटी एका जागी स्थिर बसत नाही, आणि दोन दिवस "हात लावू नकोस" ऐकल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिला मनसोक्त हात लावू देणारे काही मिळाले तर फार बरे होईल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला विशेष आनंद होत आहे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र हे अगदी आपण म्हणता तसे ठिकाण आहे. तेथील बहुतेक उपकरणे फिरवण्यासाठी, दाबण्यासाठी आणि ओढण्यासाठीच मांडलेली असतात. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील एका प्रदर्शनाने त्याचा आरंभ झाला आणि पूर्ण केंद्र १९८५ मध्ये खुले झाले. ध्वनी आणि श्रवण हाही तेथील एक विषय आहे. पुस्तकात भिंगाची आकृती काढून दाखवणे आणि मुलाने स्वतः भिंग मागेपुढे सरकवून पडद्यावरची प्रतिमा स्पष्ट करणे यांत केवढे अंतर आहे, हे मी दर वर्षी वर्गात अनुभवते. आमच्या शाळेची प्रयोगशाळा २०२१ च्या जुलैमधल्या पुरात गेली आणि दोन वर्षे मी केवळ फळ्यावर शिकवले, म्हणून हे अधिकच जाणवते.

एक सूचना करते. मुलीने एखादे उपकरण वापरण्यापूर्वीच त्याचा फलक वाचून तिला उत्तर सांगू नये. आधी तिला खेळू द्यावे, मग "असे का झाले असेल?" एवढेच विचारावे. मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला फलक मराठीत समजावून देण्याचे काम द्यावे, म्हणजे तोही गुंतून राहील. केंद्राच्या आवारातील मोकळे उद्यान पावसात सोडून द्यावे लागेल, परंतु आतच तीन-चार तास सहज जातात.

जवळच नेहरू तारांगण आहे. ते ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले, तेथे मराठी भाषेतील खेळही होतात आणि सोमवारी ते बंद असते. गुहागरला आषाढात महिना महिना तारा दिसत नाही. अशा दिवसांत घुमटाखाली बसून संपूर्ण आकाश पाहणे हा अनुभव मुलांना खूप काळ पुरतो. सभागृह वातानुकूलित असते, म्हणून भिजलेली मुले कुडकुडू नयेत यासाठी कोरडे कपडे आणि सासूबाईंसाठी शाल बरोबर ठेवावी.

प्रवासासाठी भुयारी मेट्रोचा विचार करावा. आरे ते कफ परेड हा मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाला असून विज्ञान केंद्र आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्थानके आपल्या बेतात बसतात. स्थानकांत उद्वाहक (लिफ्ट) असल्यामुळे सासूबाईंना लोकलच्या पुलांपेक्षा ते सोयीचे पडेल. भुयारी म्हणून पावसाची भीतीच नाही असे मात्र समजू नये. २६ मे २०२५ रोजी आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले होते, म्हणून निघताना बातम्या पाहाव्यात.

माडाची सावली (मालवण, सध्या ठाणे)

मुलांना मॉलमधील खेळांचे दालन दाखवायला हरकत नाही, असे माझे मत आहे. तेथे सरकते जिने, उद्वाहक, स्वच्छ शौचालये आणि बसायला जागा असते, आणि वयस्कर माणसांबरोबर फिरताना या गोष्टींचे मोल फार मोठे असते. चेंडू घरंगळवून खुंट पाडण्याच्या (बोलिंगच्या) किंवा उड्या मारण्याच्या खेळांचे दर तासावर असतात आणि शनिवार-रविवारी ते वाढतात, एवढे लक्षात ठेवावे. तरीही एक पूर्ण दिवस तेथे घालवू नये. अचानक पावसात अडकल्यास तासाभराचा आसरा म्हणून ते उपयोगी आहे.

पुलाजवळची चाळ (लालबाग)

संध्याकाळचेही सुचवतो. परळ-लालबागच्या मंडळांच्या कार्यालयांत पावसाळ्यात कॅरम लागलेला असतो. दिरांची ओळख असेल तर मुलाला तेथे घेऊन जाण्यास सांगावे. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि एक राणी, इतकाच त्याचा पसारा, पण पावडर टाकलेल्या गुळगुळीत फळीवर स्ट्रायकर कसा हलक्या हाताने सोडायचा हे गिरणगावातल्या एखाद्या मुरलेल्या खेळाडूकडून शिकण्यात जी मजा आहे ती तिकीट काढून मिळत नाही. मी सातव्या वर्षी असाच शिकलो. पावसाने गिरण्यांची पाळी चुकलेली माणसे मुलांना शेजारी बसवून घेत आणि प्रत्येक फटक्यामागचा कोन समजावून सांगत. घरात सगळे जमल्यावर मेंढीकोटाचा डाव तर सासूबाईही मांडतील.

सुपारीबाग (गुहागर)

आम्ही परत आलो. आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, म्हणून प्रत्यक्ष काय घडले ते सविस्तर कळवणे माझे कर्तव्य आहे.

सोमवारी तपासणीसाठी सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना संध्याकाळपर्यंत उजेड सहन होत नव्हता. त्या दिवशी बाहेर कोठेही न जाता त्यांनी खोलीत पडदा ओढून मुलांना गोष्टी सांगितल्या आणि रात्री दिरांनी मुलाला मंडळात कॅरमला नेले. तो त्यानंतर रोज गेला. मंगळवारी राणीच्या बागेत पावसाने उसंत दिली, त्यामुळे हत्तीजवळ आम्ही पाच मिनिटांऐवजी अर्धा तास थांबलो. मुलाने हत्तीच्या अंगावरचे जोड एकेक करून शोधले.

बुधवारी दहाच्या आधी आम्ही वस्तुसंग्रहालयाच्या दाराशी होतो. साडेअकराच्या सुमारास बाहेर असा पाऊस सुरू झाला की आतल्या जाळीदार खिडक्यांतून समोरची झाडेही दिसेनात. आम्ही वह्या काढून बसलो. मुलाने अशोकाच्या लेखातील अक्षरे उतरवून घेतली, मुलीने रोहित पक्षी काढले आणि सासूबाई बाकावर बसून दोघांची चित्रे निरखत राहिल्या. तीनच दालने पाहण्याचा सल्ला फार मोलाचा ठरला. साडेचारला बाहेर पडलो तेव्हा काही रस्त्यांवर पाणी साचून ओसरल्याच्या खुणा दिसत होत्या.

गुरुवार सर्वांत आनंदाचा गेला. विज्ञान केंद्रात धाकटीने एकही उपकरण सोडले नाही. भिंगातून पडद्यावर उलटी पडणारी प्रतिमा तिने किती वेळा पाहिली ते मोजता आले नाही, आणि मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे, हे मुलाने तिला तेथेच समजावून सांगितले. तारांगणातील मराठी खेळ त्या दिवशी आमच्या वेळेत बसला नाही, म्हणून हिंदी खेळ पाहिला. सासूबाईंना तोही आवडला, पण मान वर करून बराच वेळ बसावे लागते, हे वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

शुक्रवारी साडेदहाला रुग्णालय गाठले. दुपारी दीडच्या सुमारास आलेल्या रुग्णांपैकी काही जण गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. डॉक्टरांनी सासूबाईंना श्रावणानंतर शस्त्रक्रियेसाठी बोलावले आहे. त्या वेळी धाकटीने त्यांना विचारले की आजीचे नवे भिंग सरळ दाखवणार की उलटे, आणि त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून, कागदावर डोळ्याची आकृती काढून तिला उत्तर दिले. तो कागद तिने वहीत, रोहित पक्ष्यांच्या चित्राशेजारी चिकटवला आहे.

शनिवारचे नाटक सासूबाईंनी निवडले. त्यांनी याआधी शेवटचे नाटक गावच्या उत्सवात, मांडवात बसून पाहिले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी पुन्हा तीन-चार दिवस मुंबईत राहावे लागेल. तेव्हा भाद्रपद असेल आणि तिथी कळली की भरतीच्या वेळा मी स्वतःच काढीन, परंतु मुलांनी आतापासून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला येथूनच हवे आहे : जुनी नाणी पाहण्यासाठी फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयाला किती वेळ राखून ठेवावा?

कातळवाट (रत्नागिरी)

दीड ते दोन तास पुरतील. प्रवेश विनामूल्य आहे आणि सोमवारी ते बंद असते. वही बरोबर असू द्यावी.